दहापट आलेले पाण्याचे बिल कसे तपासावे?

प्रश्न : आमचे पाच जणांचे कुटुंब आहे. पाण्याचे बिल दरमहा येते आणि आजवर त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. मागील तीन महिन्यांची बिले तर नेहमीपेक्षा कमी, प्रत्येकी १२ घनमीटरची आली, म्हणून ती फारशी न पाहताच भरली. या महिन्यात मात्र एकदम ७२ घनमीटरचे बिल आले असून थकबाकी सोडूनही रक्कम गेल्या बिलाच्या दहापट आहे. शिवाय गेल्या महिन्याचे बिल मी ऑनलाइन भरले, खात्यातून पैसे गेले, तरी ते विलंब आकारासह थकबाकीत दाखवले आहे. कार्यालयात विचारले तर ‘आधी भरा, मग तक्रार करा’ असे उत्तर मिळाले. सासरे म्हणतात, पाणी तोडले तर घरादाराचे हाल होतील, भरून टाका. यजमान म्हणतात, मीटरच बिघडला आहे, छदामही भरायचा नाही. त्यातच काल ‘आज रात्री आपली नळजोडणी तोडली जाईल, या क्रमांकावर त्वरित संपर्क साधा’ असा संदेश मोबाइलवर आला. बिलांचे आणि मीटरचे फोटो सोबत पाठवत आहे. आम्ही काय करावे?
– एक वाचक भगिनी

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण बिलांचे आणि मीटरचे स्पष्ट फोटो पाठवलेत, त्यामुळे अंदाजावर न बोलता आकड्यांवर बोलता येईल. मात्र त्याआधी त्या संदेशाविषयी सांगतो, कारण ती एकच गोष्ट आज थांबू शकत नाही. त्या क्रमांकावर फोन करू नका, सोबतची लिंक उघडू नका आणि कोणी सांगितले म्हणून मोबाइलमध्ये कोणतेही ॲप घेऊ नका. नळजोडणी तोडण्यापूर्वी पाणीपुरवठा संस्था ग्राहक क्रमांक, थकबाकीची रक्कम आणि मुदत लिहिलेली नोटीस देते. रात्रीपुरती मुदत देऊन खासगी मोबाइल क्रमांकावर बोलावण्याची रीत फसवणूक करणाऱ्यांची आहे. आपल्या संदेशात ग्राहक क्रमांकही नाही आणि रक्कमही नाही. खात्री करायचीच असेल तर बिलावर छापलेल्या क्रमांकावर करावी. सासऱ्यांनाही हे समजावून सांगा, कारण पाणी तुटण्याच्या धास्तीने घरातील वडीलधारी माणसेच अशा संदेशांना आधी बळी पडतात.

आता बिलाकडे वळू. बिल मोठे आले की आपण सारे रकमेवर बोट ठेवतो आणि तिथेच वाद अडकतो, कारण रक्कम हा हिशेबाचा शेवट आहे. सुरुवात मागील वाचन आणि चालू वाचन या दोन आकड्यांत असते. आपल्या चारही बिलांवर ते आहेत आणि वाचनाच्या पुढे एका लहान रकान्यात वाचनाचा प्रकारही छापलेला आहे. पहिल्या तीन बिलांवर तिथे ‘सरासरी’ असा शब्द आहे आणि चौथ्यावर ‘प्रत्यक्ष’. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या रकान्यात आहे. सलग तीन महिने आपल्या मीटरचे वाचन कोणी घेतलेच नाही. दार बंद असेल, मीटरच्या खड्ड्यावर सामान ठेवलेले असेल किंवा कर्मचारी फिरकलाच नसेल. कारण काहीही असो, संस्थेने अंदाजाने १२ घनमीटर धरून बिले काढली.

शेवटचे प्रत्यक्ष वाचन १२१४ होते. त्यावर १२, १२ आणि १२ मिळवून कागदावर ते १२५० झाले. चौथ्या महिन्यात कर्मचाऱ्याने मीटर खरोखर पाहिला तेव्हा काटा १३२२ वर होता आणि १३२२ वजा १२५० म्हणजे ७२ घनमीटर या एका महिन्याच्या माथी बसले. प्रत्यक्षात १२१४ पासून १३२२ पर्यंतचे १०८ घनमीटर पाणी चार महिन्यांत मोजले गेले आहे, म्हणजे महिन्याला २७. त्याआधीच्या प्रत्यक्ष वाचनांच्या बिलांवर आपला वापर महिन्याला १८ घनमीटरच्या आसपास दिसतो. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. त्या हिशेबाने पाच माणसांत प्रत्येकी दिवसाला १२० लिटर होतात आणि घरातील अंघोळ, धुणे, भांडी, स्वयंपाक, शौचालय धरून हा आकडा अगदी वाजवी आहे. तेव्हा ७२ ची फोड अशी होते : १८ या महिन्याचे, १८ मागील तीन महिन्यांत कमी आकारलेले आणि उरलेले ३६ नेहमीच्या वापरापेक्षा जास्तीचे. आधीचे ३६ घनमीटर आपण खरोखर वापरलेले पाणी आहे आणि त्याचे पैसे देणे रास्त आहे. शोध घ्यायचा तो उरलेल्या ३६ घनमीटरचा.

ते पाणी चारही महिने सारख्याच गतीने गेले असेल तर दिवसाला सुमारे ३०० लिटर होतात. आकडा अंगावर येतो खरा, पण मिनिटाला २०० मिलिलिटर, म्हणजे एक पेलाभर पाणी अखंड वाहत राहिले तर दिवसाकाठी २८८ लिटर जातात. एवढी धार शौचालयाच्या भांड्यात भिंतीला धरून उतरत असेल तर तिचा आवाज होत नाही आणि ती सहसा नजरेलाही पडत नाही. म्हणून मीटरवर दोष ठेवण्यापूर्वी गळती तपासा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. यजमानांचा संशय चुकीचाच ठरेल असे मी म्हणत नाही. पण मीटर तपासणीला वेळ लागतो, शुल्क लागते आणि तोवर गळती चालूच राहते.

मीटरचे झाकण उघडून तबकडी नीट पाहा. आपण पाठवलेल्या फोटोत काळे अंक आहेत, ते पूर्ण घनमीटर दाखवतात. खाली चार लहान लाल काटे असून त्यांच्याजवळ ०.१, ०.०१, ०.००१ आणि ०.०००१ असे लिहिलेले आहे. शेवटच्या काट्याची एक पूर्ण फेरी म्हणजे एक लिटर. मध्यभागी दातेरी कडेची एक बारीक चकती दिसते. थोडेसे पाणी सरकले तरी ती फिरते आणि गळतीची पहिली खूण तिथेच मिळते. रात्री सारी कामे आटोपली की घरातील सर्व नळ बंद करा, वरची टाकी पूर्ण भरलेली आहे याची खात्री करून घ्या आणि तबकडीचा लाल काट्यांसह फोटो काढा. पहाटे कोणी नळ उघडण्यापूर्वी पुन्हा फोटो काढा. काटे जिथल्या तिथे असतील तर मीटरपासून टाकीपर्यंतची नळवाहिनी ठीक आहे. ते पुढे सरकले असतील तर किती लिटर सरकले आणि किती तासांत, हे लिहून ठेवा. हे करण्याची वेळ मात्र अशी निवडा की बाहेरून नळाला पाणी चालू असेल. पुरवठा ठरावीक वेळेलाच होत असेल तर त्या वेळेतच ही तपासणी करावी लागेल, अन्यथा काटे थांबलेले दिसतील आणि उगीच निश्चिंत व्हाल.

काटे सरकत असतील तर मीटरनंतरची मुख्य चावी घट्ट बंद करून पाहा. तरीही चकती फिरत राहिली तर गळती मीटर आणि चावी यांच्या मधल्या तुकड्यात आहे किंवा चावीच नीट बसत नाही. चकती थांबली तर गळती चावीच्या पुढे, म्हणजे जमिनीखालच्या नळात, टाकीच्या तरंगत्या झडपेत किंवा टाकीला वळसा घालून थेट येणाऱ्या एखाद्या नळावर आहे. टाकीची झडप पूर्ण बंद होत नसेल तर पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून जात राहते आणि ती नळी पन्हाळ्यात सोडलेली असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून एकदा वर चढून त्या नळीचे तोंड ओले आहे का, हे स्वतः बघायला यजमानांना सांगा.

टाकीच्या खालची गळती वेगळ्या रीतीने तपासावी लागते, कारण ती टाकी पुन्हा भरतानाच मीटरवर उमटते. टाकीकडे येणारे पाणी बंद करा, टाकीतील पातळीवर खडूने खूण करा आणि रात्रभर पाणी वापरू नका. पातळी उतरली तर संशय प्रथम फ्लशच्या टाक्यांवर घ्यावा. फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबा. भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचे रबर झिजले आहे आणि ते बदलणे हे प्लंबरचे अगदी किरकोळ काम आहे. थेंब थेंब गळणाऱ्या नळावर मात्र सगळा दोष ढकलू नका. तो दुरुस्त करायलाच हवा, परंतु यांत्रिक मीटरचा पंखा फिरायला किमान काही प्रवाह लागतो आणि अगदी बारीक ठिबक पुष्कळदा मोजलीच जात नाही. ३६ घनमीटरचा खुलासा तिच्याने होणार नाही.

गळती सापडली तर दुरुस्तीपूर्वीचा फोटो, प्लंबरची तारीख घातलेली पावती आणि दुरुस्तीनंतरच्या आठवड्याचे दररोजचे वाचन जपून ठेवा. मीटरनंतरच्या नळवाहिनीची जबाबदारी सामान्यतः ग्राहकाचीच असते, तरीही गळती डोळ्यांना न दिसणारी होती आणि कळताच ती दुरुस्त केली, असे कागदोपत्री दाखवता आले तर अनेक पाणीपुरवठा संस्था जास्तीच्या वापरावर काही सूट देतात. कित्येक ठिकाणी मलनिस्सारण आकारही पाण्याच्या वापरावरूनच काढतात. जमिनीत मुरलेले पाणी मलवाहिनीत गेलेलेच नसते, तेव्हा भूमिगत गळती निघाल्यास त्या आकारातील कपातीची मागणी अर्जात वेगळी लिहावी. ती न मागता मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

गळती नसेल तर दोन साध्या गोष्टी आधी पाहून घ्या. मीटरवर कोरलेला अनुक्रमांक आणि बिलावर छापलेला अनुक्रमांक एकच आहे का? आपल्या फोटोत शेवटचे अंक नीट दिसत नाहीत. एकाच भिंतीवर तीन-चार मीटर शेजारी-शेजारी असतील तर शेजाऱ्याच्या मीटरचे वाचन आपल्या नावावर चढण्याचे प्रकार होतात. आपली मुख्य चावी बंद करून घरातील नळ उघडा. पाणी थांबले, पण ज्याला आपला समजतो तो मीटर फिरतच राहिला, तर काय झाले आहे हे वेगळे सांगायला नको. दुसरी गोष्ट म्हणजे १३२२ हे वाचन आजच्या तबकडीशी जुळते का, ते पाहावे. आज काटा १३२२ च्या अलीकडे असेल तर कर्मचाऱ्याने आकडा चुकीचा टिपला आहे आणि बिल तिथेच रद्द होण्यास पात्र ठरते. आपल्या फोटोत तो १३२९ दिसतो, म्हणून माझ्या मते वाचन बरोबर आहे.

आता यजमानांच्या मताविषयी. झिजलेला यांत्रिक मीटर बहुतेक वेळा कमी मोजतो, जास्त नव्हे. जास्त मोजण्याची उदाहरणे आहेत. विशेषतः पुरवठा खंडित असेल तर पाण्याआधी नळातून येणाऱ्या हवेच्या झोताने मीटर फिरतो. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल तर पाणी सुटण्याच्या वेळी पाच मिनिटे मीटरपाशी उभे राहून नळ उघडा आणि पाणी येण्यापूर्वीच काटे पळतात का, ते पाहून त्याचे चित्रण करून ठेवा. मीटरची ढोबळ परीक्षाही घरी करता येते. टाकी चौकोनी असेल तर तिची आतली लांबी आणि रुंदी मोजा. एक मीटर लांब व एक मीटर रुंद टाकीत पाणी अर्धा मीटर चढले तर ५०० लिटर झाले. तेवढ्या वेळात मीटर किती पुढे गेला, ते पाहा. भरण होत असताना टाकीतून खाली पाणी घेऊ नका. आयएसओ ४०६४ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार घरगुती वापरातील दुसऱ्या वर्गाच्या नव्या मीटरला नेहमीच्या प्रवाहात अधिक-उणे २ टक्के आणि अतिमंद प्रवाहात अधिक-उणे ५ टक्के चूक चालते. घरच्या मोजमापात आपलीही थोडी चूक होणार. म्हणून दहा-पंधरा लिटरच्या फरकावरून तक्रार करू नका. ५०० लिटरला मीटरने ६०० दाखवले तर मात्र लेखी अर्ज देऊन अधिकृत चाचणी मागा, ती आपल्या समक्ष व्हावी असे अर्जात नमूद करा आणि मीटर काढून नेण्यापूर्वी त्यावरील वाचनाचा व अनुक्रमांकाचा फोटो घ्या. मीटर सदोष ठरल्यास चाचणीचे शुल्क परत मिळते का, हेही आधीच विचारून घ्यावे.

मीटर अचूक निघाला तरीही आपली एक मागणी शिल्लक राहते आणि माझ्या मते तीच सर्वांत भक्कम आहे. आपल्या बिलामागे छापलेल्या दरपत्रकात महिन्याला पहिल्या २० घनमीटरला मूळ दर आणि त्यापुढे दुप्पट दर आहे. जास्त पाणी वापरणाऱ्याने जास्त दर द्यावा, असा त्यामागचा हेतू आहे. परंतु चार महिन्यांचे साचलेले पाणी एका महिन्यावर टाकले की ७२ पैकी २० मूळ दराने आणि ५२ दुप्पट दराने धरले जातात. मूळ दराला एक भाग म्हटले तर आकारणी २० अधिक १०४, म्हणजे १२४ भागांची होते. गेल्या बिलाच्या १२ भागांशी ताडून पाहिले की ‘दहापट’ कुठून आले, ते कळते. योग्य हिशेब असा की १०८ घनमीटर चार महिन्यांत विभागावेत. दरमहा २७ आले, त्यातील २० मूळ दराने आणि ७ दुप्पट दराने, म्हणजे महिन्याला ३४ भाग आणि चार महिन्यांचे १३६. त्यातून तीन महिन्यांचे आकारलेले ३६ वजा केले की १०० भाग उरतात. गळती असो वा नसो, १२४ ऐवजी १०० हीच आकारणी न्याय्य आहे, कारण आपण एका महिन्यात ७२ घनमीटर पाणी कधीच वापरलेले नाही. वाचन वेळेवर घेणे हे संस्थेचे काम होते आणि ते न झाल्याचा भुर्दंड चढ्या दराच्या रूपाने ग्राहकावर पडता कामा नये. ज्या संस्था हे नीट करतात, त्यांची संगणक प्रणाली सरासरी बिलांनंतरचे प्रत्यक्ष वाचन आपोआप मागील महिन्यांवर वाटून देते. जिथे तसे होत नाही, तिथे ग्राहकालाच ते लेखी मागावे लागते.

अर्ज एका पानाचाच असू द्या. त्यात ग्राहक क्रमांक, मीटरचा अनुक्रमांक, चार बिलांच्या तारखा, १२१४ आणि १३२२ ही दोन प्रत्यक्ष वाचने आणि ‘मधल्या तीन बिलांवर सरासरी असा शेरा असल्याने वापर चार महिन्यांत विभागून दुरुस्त बिल द्यावे’ ही मागणी लिहा. झालेला मनस्ताप, कर्मचाऱ्याचे वागणे, शेजाऱ्यांना आलेली बिले हे सारे खरे असले तरी या अर्जात नको. वाचणाऱ्याची नजर आकड्यांवर राहिली पाहिजे. दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून निघू नका. ऑनलाइन तक्रार केली तरी तिचा क्रमांक मिळतोच, परंतु फोटो आणि हिशेब जोडायचे असतील तर कागदी अर्ज अधिक उपयोगी पडतो, असे माझे मत आहे.

ऑनलाइन भरलेल्या बिलाची तक्रार याच अर्जात मिसळू नका, कारण दोन्ही कामे कार्यालयात वेगळ्या टेबलांवर होतात. पैसे खात्यातून गेले म्हणजे ते संस्थेला पोहोचलेच, असे नाही. बँक, मधली पेमेंट सेवा आणि संस्थेचे खाते अशा तीन पायऱ्या असतात. व्यवहार मधल्याच पायरीवर अडकला तर रक्कम बऱ्याचदा काही दिवसांत परत येते. म्हणून आधी खात्याचा उतारा त्या तारखेपासून आजपर्यंत तपासा. रक्कम परत आली असेल तर बिल खरोखरच न भरलेले आहे आणि विलंब आकार माफ करण्याची विनंती करण्यापलीकडे तिथे फारसे काही करता येणार नाही. परत आली नसेल तर बँकेकडून व्यवहार क्रमांक आणि रक्कम कोणाच्या खात्यात गेली याचा लेखी तपशील घ्या. पैसे भरताना ग्राहक क्रमांकातील एखादा अंक चुकला असेल तर ती रक्कम दुसऱ्याच ग्राहकाच्या नावावर जमा झालेली असू शकते. व्यवहाराच्या पावतीवरील क्रमांक एकेक अंक वाचत बिलाशी ताडून पाहा. पैसे संस्थेकडे मुदतीत पोहोचल्याचे सिद्ध झाले की थकबाकीबरोबर विलंब आकारही रद्द व्हायला हवा आणि तसे अर्जात स्पष्ट लिहा. हा उलगडा होईपर्यंत तेच बिल घाईने दुसऱ्यांदा भरू नका.

राहिला सासरे आणि यजमान यांच्यातील मतभेद. दोघांचेही अर्धे म्हणणे बरोबर आहे. सगळे भरून मोकळे झाले की दुरुस्तीचा पाठपुरावा आपणच सैल सोडतो आणि काहीच न भरल्यास वादाचा विषय बाजूला राहून आपली नोंद निव्वळ थकबाकीदार म्हणून होते, विलंब आकार वाढतो आणि नोटिशीला कारण मिळते. म्हणून जो भाग आपल्यालाच मान्य आहे, तो मुदतीच्या आत भरावा. आजच्या घडीला तो ३६ घनमीटरचा आहे, म्हणजे या महिन्याचे १८ आणि मागचे कमी आकारलेले १८. महिन्याला १८ चा वापर २० च्या आतच असल्याने तो सगळा मूळ दरानेच मोजायचा. ऑनलाइन प्रणाली कमी रक्कम स्वीकारत नसेल तर कार्यालयात अंशतः भरणा करण्याची परवानगी मागा आणि पावतीवर ‘वादग्रस्त बिलापोटी अंशतः भरणा’ असे लिहून घ्या. तेही नाकारले गेले आणि मुदत संपत आली, तर पूर्ण रक्कम हरकत नोंदवून भरा. भरणा करतानाच ‘दुरुस्तीचा हक्क राखून’ असे पत्र देऊन त्याची पोच घ्या. दुरुस्ती मंजूर झाल्यावर जास्तीची रक्कम पुढील बिलांत वळती करता येते. गळतीचे पाणी आपल्याच पदरी आले आणि रक्कम एकदम झेपणारी नसेल, तर हप्ते मागण्यात कमीपणा वाटून घेऊ नका. ती सोय थकबाकी होण्याआधी मागितली तर सहज मिळते.

पुढच्या महिन्यापासून बिलाच्या तारखेच्या आसपास मीटरचा फोटो काढून ठेवा. वाचन स्वतः कळवण्याची सोय आपल्या संस्थेत असेल तर ते कळवत जा आणि बिलावर पुन्हा ‘सरासरी’ दिसले तर, रक्कम कमी असली तरीही, त्याच महिन्यात लेखी कळवा. खात्यातून बिल आपोआप वळते करण्याची सोय घ्यावी का, असे आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. ती सोय चांगली आहे, पण दुरुस्त बिल हाती येऊन त्यावर एकदा प्रत्यक्ष वाचन लागेपर्यंत ती सुरू करू नका, आणि नंतर घेतलीत तर वळती होणाऱ्या रकमेला वरची मर्यादा घालून ठेवा.